लग्नाचे व्हिडिओ, फोटो आणि थोडं गेमिंग

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ-फोटो एडिट करतो, रात्री थोडं गेमिंग. कोणता लॅपटॉप घेऊ? – एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : आधी स्क्रीन बघा. स्वस्त गेमिंग लॅपटॉपला बरेचदा ‘४५ टक्के एनटीएससी’, म्हणजे कमी रंग दाखवणारी स्क्रीन असते. तिच्यावर शालूचा लाल फिका दिसतो, तुम्ही तो वाढवता आणि अल्बम भडक छापून येतो. १०० टक्के एसआरजीबी रंग दाखवणारी स्क्रीनच मागा. रॅम १६ जीबी, पुढे वाढवता येणारी. एसएसडीला दुसरा स्लॉट हवा. आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड दोन्ही कामांना पुरतं, उगाच महागड्याच्या मागे लागू नका. तुमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेला प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. म्हणून व्हिडिओचे लांबलचक एक्स्पोर्ट पहाटे लावा, पण कूलरची दमट हवा थेट मशीनवर नको. नागपूरला सीताबर्डीत घेणार असाल, तर स्वतःचे फोटो पेनड्राइव्हवर न्या आणि तेच उघडून स्क्रीन पारखा.