घडी बसेल गं

अगं, संसाराची घडी बसत नाही म्हणून रडवेली होऊ नकोस. नवं घर, नवी नोकरी, पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. इतक्यात कुणाची घडी बसलीय, सांग बघू? आपण या एवढ्याशा शब्दावर किती कामं लादलीत! एकेक वेगळं कर, म्हणजे जीव घाबरा होणार नाही.

आधी कपड्यांची घडी. मोठी चादर दोघांनी टोकं धरूनच घालायची असते, तेव्हा नवऱ्याला हाक मार. टॉवेल सगळे त्याच्याकडे. वाकडी घडी घातली तर घालू दे. मागून जाऊन सरळ केलीस की ते काम कायमचं तुझं झालं, बघ!

मग पोळीची घडी. छोटी पुरी लाट, तेलाचं बोट फिरव, चिमूटभर पीठ भुरभुर, अर्धी दुमड, पुन्हा अर्धी, मग हलक्या हाताने लाट. पदर सुटतात. खरं सांगू का, माझ्या सुरुवातीच्या पोळ्या सासरे चहात बुडवून खायचे. ऑफिसच्या दिवशी सरळ फुलके कर.

आणि वेळेची घडी? जुन्या हिशेबात दिवसाच्या 60 घडी, म्हणजे एक घडी 24 मिनिटांची. भोक पाडलेलं घटिकापात्र पाण्यात बुडेपर्यंतचा वेळ. तेव्हा घरी आलीस की लगेच ओट्याशी धावू नकोस. 'घडीभर टेकते' म्हणायचं आणि पुरती 24 मिनिटं टेकायचं.

आता तुझ्या पैठणीचं ऐक. एकाच घडीत वर्षानुवर्षं ठेवलीस तर त्याच रेषेवर रेशीम चिरतं, जर तुटते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी उलगड, सावलीत वारा लागू दे, घडी बदलून मलमलच्या कापडात गुंडाळ. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नकोस. घराचंही असंच बघ. बदली होईल, बाळ येईल, सासूबाई राहायला येतील. दर वेळी घडी नव्यानं घालावी लागेल. म्हणून पहिली चुकली असं होत नाही.

आणि हो, ती कोरी साडी कुठल्या मुहूर्तासाठी जपून ठेवलीयस? रविवारी जेवायला ये, तिची घडी मोडूनच ये. पोळ्या मी करते, तू नुसती बस.