कोंबडीचे पाय पाहा

मुलांनो, तुमच्या घरामागे कोंबड्या आहेत का? दाणे घालताना त्यांच्या पायांकडे नीट पाहा. निरोगी कोंबडीच्या पायांवरचे खवले चपटे व गुळगुळीत असतात. खवले वर उचललेले दिसले, पाय जाड व खडबडीत झाला, तर खवल्यांखाली कीड शिरली आहे असे समजा. ही कीड फार बारीक असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. उपाय केला नाही, तर कोंबडी लंगडू लागते.

घरातल्या मोठ्या माणसाला कोंबडी धरायला सांगा. तिचे पाय साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा. जुन्या ब्रशने हळूच घासा, पुसा आणि व्हॅसलीन चोळा. त्यामुळे किडीचा श्वास कोंडतो. खवले मात्र ओढू नका, रक्त येईल! असे काही आठवडे करावे लागते. खुराड्यातली बसायची काठीही धुवा. मग आपले हात साबणाने धुवा.

तुऱ्यावर किंवा डोळ्यांभोवती काळपट खपल्या दिसल्या, तर तो कोंबड्यांचा देवी रोग असू शकतो. तो माणसांना होत नाही. तिथे व्हॅसलीनचा उपयोग नाही. आजारी कोंबडी वेगळी ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. डोळे सुजून मिटले, तर तिला दाणे दिसत नाहीत, ती उपाशी राहते. तिला हाताने भरवा. बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत बऱ्या होतात.

हा रोग डास पसरवतात. आपल्या मॉरिशसमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस जास्त पडतो. तेव्हा खुराड्याजवळच्या डब्यांत, करवंट्यांत साचलेले पाणी रोज ओतून टाका.