बुधाची दिडकी

सिग्नल्सच्या तासाला सॅम्पलिंग थिअरम शिकताना बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: याचा उपयोग काय? उपयोगाचं बाजूला ठेवू. सॅम्पलिंग चुकलं तर काय होतं, याचं एक जबरदस्त उदाहरण आपल्या सूर्यमालेतच आहे. सूर्याच्या सगळ्यात जवळचा, खडकाळ आणि आठ ग्रहांत सगळ्यात लहान असलेला बुध स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो, हे 1889 पासून 1965 पर्यंत, म्हणजे तब्बल 76 वर्षं, पुस्तकांत चुकीचं छापलं जात होतं. आणि वेध घेणारी माणसं काही कच्ची नव्हती!

आधी थोडी ओळख. बुधाचा व्यास सुमारे 4,880 किमी, म्हणजे आपल्या चंद्राच्या दीडपटीहून थोडा कमी. सूर्याभोवती एक फेरी 88 दिवसांत. कक्षा मात्र चांगलीच लंबगोल आहे. सूर्यापासूनचं अंतर कधी 4 कोटी 60 लाख किमी, तर कधी जवळजवळ 7 कोटी. वातावरण नावालाच, त्यामुळे दिवसा तापमान 430 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि रात्री उणे 180 पर्यंत उतरतं. भर दुपारी तिथे शिसं वितळेल.

आता हा ग्रह बघायचा कसा? पृथ्वीवरून तो सूर्यापासून कधीच 28 अंशांपेक्षा लांब जात नाही. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात, म्हणजे तीन मुठीसुद्धा नाहीत. आमच्या दिघाशीत पश्चिमेकडे तुंगारेश्वरचे डोंगर, त्यात वीटभट्ट्यांचा धूर आणि भिवंडीच्या गोदामांचा उजेड. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाची संधी मिळते, तेवढ्यात दिसला तर दिसला. तरी आपण नशीबवान. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे ग्रहांची वाट क्षितिजावर बरीच उभी येते. युरोपात ती वर्षाचा बराच काळ आडवी पडलेली असते.

त्याच युरोपात, मिलानच्या वेधशाळेतून, जिओवानी शियापारेली यांनी 1880 च्या दशकात बुधाचे वेध घेतले. पृष्ठभागावरचे पुसट डाग त्यांना दर वेळी जवळपास तिथेच दिसले. 1889 मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला: बुध स्वतःभोवती 88 दिवसांत एकदाच फिरतो, म्हणजे चंद्र जशी आपल्याला एकच बाजू दाखवतो तशी बुध सूर्याला. तर्काला धरूनच होतं. पुढे अँटोनियादी यांनी 1934 मध्ये नकाशे प्रसिद्ध केले तेही हेच गृहीत धरून. डाग जुळले नाहीत तर बुधावर धुळीचे ढग आले असतील, असा खुलासा दिला जाई.

इथे थोडं भिवंडीच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये येऊ.

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाल्या ट्यूबलाईटचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. समजा मोटर 1440 फेऱ्यांची आहे, म्हणजे सेकंदाला 24 फेऱ्या. तिच्या पुलीला चार आरे असतील तर एका ठिकाणाहून सेकंदाला 96 आरे जातात. प्रकाश 100 वेळा लखलखतो, आरे मात्र 96. प्रत्येक लखलखाटाला पुढचा आरा मागच्याच्या जागी जेमतेम पोचायला आलेला असतो. डोळ्याला काय दिसतं? पुली सेकंदाला फक्त एक फेरी, तीही उलटी फिरताना. वेग आणखी थोडा जुळला तर पुली चक्क थांबलेली दिसेल. माझ्या मामाच्या डाव्या हाताची तर्जनी एका पेरापाशीच संपते. कारखान्याचं नाव इथे नको. एकाच फेजवर लावलेल्या दोन ट्यूब, संध्याकाळची वेळ, आणि त्याच्या शब्दांत, "चाक उभं होतं रे." शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर लावल्या की एकीचा प्रकाश पडतो तेव्हा दुसरीचा चढलेला असतो आणि हा भास बराच कमी होतो. हे मशीन लॅबच्या जर्नलमध्ये एका ओळीत येतं आणि आपण ती ओळ मित्राच्या जर्नलमधून उतरवून काढतो.

बुधाच्या बाबतीत पुली म्हणजे ग्रह आणि लखलखाट म्हणजे तो नीट दिसण्याच्या संधी. बुध, सूर्य, पृथ्वी यांची मांडणी 116 दिवसांनी पुन्हा येते. पण वर्षातल्या अशा तीन संधींपैकी युरोपातून खरी चांगली साधारण एकच. म्हणजे लखलखाट दर 348 दिवसांनी. आता बुधाची खरी फिरकी 58.65 दिवसांची आहे. तिला सहाने गुणा, 352. आणि 88 ला चाराने गुणा, तेही 352! दोन्ही हिशोबांत ग्रह जवळजवळ पूर्ण फेऱ्या मारून पुन्हा तीच बाजू समोर धरतो. मधल्या काळात चार फेऱ्या झाल्या की सहा, हे डाग बघून कळणार कसं? यालाच आपण एलियासिंग म्हणतो. 348 आणि 352 मधला चार दिवसांचा फरक सहा-सात वर्षांत साठून वर येतो खरा, पण पुसट डागांत तो ढगांच्या नावावर खपून गेला.

कोडं सुटलं ते डोळे बाजूला ठेवल्यावर. 1965 मध्ये गॉर्डन पेटेंगिल आणि रोल्फ डाइस यांनी पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या 305 मीटर व्यासाच्या अँटेनावरून बुधाकडे 430 मेगाहर्ट्झचा रडार सिग्नल सोडला. फिरणाऱ्या ग्रहाची एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, त्यामुळे परतलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी डॉप्लर परिणामाने थोडी पसरते. किती, ते कॅल्क्युलेटरवर करून बघा. बुधाच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला फक्त 3 मीटर, म्हणजे सायकलएवढा. त्यावरून पसारा येतो सुमारे 17 हर्ट्झ. 88 दिवसांची फिरकी असती तर 12 च्या आत. 43 कोटी हर्ट्झमध्ये हा पाच-सहा हर्ट्झचा फरक ओळखायचा! उत्तर आलं 59 दिवस, पाच दिवस इकडे-तिकडे. (ही अरेसिबोची दुर्बीण 1 डिसेंबर 2020 रोजी कोसळली. वाईट वाटतं.)

मग इटलीचे ज्युसेप्पे कोलंबो यांनी दाखवून दिलं की 59 च्या जवळचा 58.65 हा आकडा 88 च्या बरोबर दोन-तृतीयांश आहे. दोन वर्षांत तीन फिरक्या, म्हणजे एका वर्षात दीड. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकीचे पाढे घोकून घेत. बुध तीच दिडकी म्हणत फिरतोय. कारण त्याच्या लंबगोल कक्षेत आहे. भरती-ओहोटीचा ताण अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे जवळच्या टोकाला तो लांबच्या टोकापेक्षा साडेतीन पट असतो. सूर्याची पकड त्या टोकाला बसते आणि तिथे दिडकी टिकून राहते.

याचा परिणाम अजब आहे. बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत 176 दिवस लागतात, म्हणजे तिथली दोन वर्षं. विषुववृत्तावर ताशी साडेतीन-पावणेचार किमीने, म्हणजे आपण दिघाशीहून अंबाडीला रमतगमत जातो त्या चालीने, पश्चिमेकडे चालत राहिलात तर सूर्य मावळणारच नाही. शिवाय कक्षेच्या जवळच्या टोकाला सूर्य आकाशात थांबतो, काही दिवस उलटा सरकतो आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागतो.

आणि नाव बदनाम ट्यूबलाईटचं! मरिनर 10 हे यान 1974-75 मध्ये तीनदा बुधाजवळून गेलं. त्याची कक्षा 176 दिवसांची होती, त्यामुळे तिन्ही वेळा तीच बाजू उजेडात सापडली आणि निम्म्याहून कमी ग्रहाचा नकाशा झाला. बाकीचा पाहायला मेसेंजर यान लागलं. ते 2011 ते 2015 कक्षेत फिरलं. ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ असल्याचं त्याने पक्कं केलं, आणि लोखंडाचा गाभा त्रिज्येच्या चार-पंचमांशाहून मोठा असल्याचं दाखवलं. विवरांना कलावंतांची नावं देतात. व्यास, वाल्मिकी, कालिदास, तानसेन, त्यागराज असे आपले बरेच जण तिथे आहेत. कोलंबोंच्या नावाचं बेपीकोलंबो यान 2018 मध्ये निघालं. जानेवारी 2025 मध्ये ते सहाव्यांदा बुधाजवळून गेलं. कक्षेत शिरण्याचा मुहूर्त नोव्हेंबर 2026 चा ठरवलेला आहे.

आपल्याला यानाशिवायही एक संधी आहे. बुध सूर्यबिंबावरून सरकतो ते अधिक्रमण. 1651 मध्ये जेरेमाया शेकर्ली नावाच्या इंग्रजाने ते आपल्या शेजारच्या सुरतेतून दुर्बिणीने पाहिलं होतं. आपल्याकडून पुढचं दिसेल 13 नोव्हेंबर 2032 रोजी, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सुरू होऊन साडेचारनंतर संपेल. बुधाचा ठिपका सूर्यबिंबाच्या 190 व्या हिश्शाएवढा, त्यामुळे नुसत्या सोलर चष्म्याने भागणार नाही. दुर्बीण हवी आणि तिच्या पुढच्या तोंडाला सोलर फिल्टर घट्ट बसवलेला हवा. शनिवार आहे, रजा टाकावी लागणार नाही बहुतेक.