भिजलेला संगणक आणि लपलेला दोष

सन २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी बडोद्यातील अनेक वस्त्यांत शिरले, हे आपणां सर्वांच्या स्मरणात आहेच. पूर येवो अथवा चहाचा पेला टेबलावर कलंडो, संगणक भिजला म्हणजे आपण बहुधा एकच चूक करतो. दोन दिवस तो वाळवितो, बटण दाबतो आणि दिवा लागला की ‘बरा झाला’ असे समजतो. वस्तुतः वाळणे निराळे आणि बरे होणे निराळे.

याचे कारण असे. पाणी उडून जाते. परंतु पुरातील क्षार व गाळ, चहातील साखर व दूध मागे उरतात. हा थर हवेतील दमटपणा शोषून घेतो. त्यातून वीज वाहू लागली की तांबे एका बाजूस झिजते व दुसऱ्या बाजूस बारीक तंतूंच्या रूपाने वाढते. तंतू पलीकडे भिडला की आज चालणारे यंत्र महिन्याभराने अचानक बंद पडते. प्लग काढला तरी मदरबोर्डावरील ३ व्होल्टचा चपटा सेल थोडी वीज देतच राहतो. म्हणून प्लगापाठोपाठ तोही काढावा.

आता तपासणीचा क्रम पाहू.

पहिली हार्ड डिस्क. यंत्र नवे मिळते, हिशेब व छायाचित्रे मिळत नाहीत. बहुतेक डिस्कांना हवेसाठी बारीक छिद्र असते. बुडालेली डिस्क कधीही चालवून पाहू नये. ती माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

दुसरी वीजपुरवठ्याची पेटी. भिजली असल्यास ती बदलावीच. ती उघडू नये, आत साठलेली वीज धक्का देते. संशयित पेटी चांगल्या मदरबोर्डास जोडू नये. लॅपटॉपची भिजलेली बॅटरीही पुन्हा वापरू नये; तिला आग लागण्याचे भय असते.

तिसरा मदरबोर्ड. भिंगातून पाहता हिरवट वा पांढरी पूड दिसल्यास ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कुंचला यांनी साफ करावी. खाचा आणि चिपांच्या कडा विशेष पाहाव्या. तांदळात ठेवून क्षार निघत नाहीत.

चौथी मेमरी. एका वेळी एकच पट्टी लावून मेमटेस्ट रात्रभर चालवावी. चूक निघाल्यास तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावून पाहावी, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा ते कळते.

एवढे करून यंत्र चालले, तरी महिन्याने पुन्हा उघडून भिंग लावावे. तोवर त्यावर एकमेव प्रत ठेवू नये. आपल्या सभासदांच्या याद्या व विद्यार्थी-साहाय्याचे हिशेब यांची दुसरी प्रत दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर असावी, एवढीच विनंती.