परसबागेची पूर्वतयारी

प्रस्तावना

घराच्या मागील मोकळ्या जागेला मराठीत 'परस' म्हणतात. कोकणात तिला 'परडे' असेही नाव आहे. मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू, कोपऱ्यातील शेवगा, कुंपणावर चढलेला वाल आणि भांडी घासण्याच्या जागेजवळची केळ हे चित्र महाराष्ट्रातील अनेक घरांच्या परसात आजही दिसते. मात्र आपोआप उगवलेली चार झाडे म्हणजे परसबाग नव्हे. वर्षभर घराला भाजी पुरवणारी बाग हवी असेल तर तिची आखणी पहिला वाफा खणण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. या पाठाच्या अध्ययनानंतर जागा, पाणी आणि बियाणे या तिन्हींचा मेळ घालून लहानशा बागेची योजना कशी करावी, हे आपण स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल.

मूळ पाठ

परसबागेची आखणी कुदळीने नव्हे, डोळ्यांनी सुरू होते. जागा निवडण्यापूर्वी तिच्याकडे दिवसभर पाहावे लागते. सकाळी ऊन कोठे पडते, दुपारी घराची सावली कोठवर येते, शेजारच्या आंब्याखाली किती वेळ अंधारून राहते, याची नोंद ठेवावी. बहुतेक फळभाज्यांना रोज किमान सहा तास ऊन हवे. अळू, पुदिना, हळद, आले यांना थोडी सावली चालते. म्हणून उन्हाची जागा वांगी, मिरची, भेंडीला आणि सावलीची जागा अळू-हळदीला, अशी वाटणी आधीच करून टाकावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावल्या उत्तरेकडे पडतात. वेलींचा मांडव किंवा शेवग्यासारखे उंच झाड दक्षिणेला लावले, तर थंडीच्या ऐन हंगामात मेथी-पालकाचे वाफे सावलीत जातात. उंच ते उत्तरेच्या कडेला, हा नियम लक्षात ठेवावा.

वडिलोपार्जित घराचे परस अनेकदा भावाभावांत सामाईक असते. तेथे हंगामी भाज्या लावल्या तर सहसा तक्रार होत नाही. हद्दीवर लिंबू किंवा शेवगा लावला की काही वर्षांनी फांद्यांवरून आणि फळांवरून बोलणे सुरू होते. तेव्हा कायमची झाडे कोठे लावायची, हे घरातील सर्वांना विचारूनच ठरवावे. कुंपणाचाही विचार याच वेळी करावा. शेळी आणि कोंबडी यांना आपली-परकी बाग कळत नाही.

यानंतर प्रश्न येतो पाण्याचा, आणि बागेचा आकार खरे तर तोच ठरवतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. अर्ध्या गुंठ्यात ये-जा करण्याच्या वाटा आणि खताचा खड्डा सोडून ३ मीटर लांब व १ मीटर रुंद असे दहा वाफे सहज बसतात. रुंदी एक मीटरच का? दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पाय पडले की माती दबते व मुळांची वाढ खुंटते.

आता हिशेब पाहू. एक चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी दिले म्हणजे बरोबर १ लिटर पाणी दिले. भर उन्हाळ्यात भाजीपाल्याला रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे दहा वाफ्यांच्या ३० चौरस मीटरांना रोज १५० लिटर. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाच्या आंघोळीचे एक बादली, म्हणजे १५ लिटर, पाणी धरले तर ७५ लिटर होते. याचा अर्थ स्पष्ट आहे : ज्या घराला विहीर वा कूपनलिकेचा आधार नाही, त्याने मे महिन्यात दहा नव्हे, पाचच वाफे हिरवे ठेवावेत. उरलेले पाच नांगरटीसारखे खोदून उन्हात तापू द्यावेत. उन्हाळ्यात अर्धी बाग जळून गेल्यावर नशिबाला दोष देणारी बरीच माणसे हा हिशेब आधी मांडत नाहीत.

सांडपाणी वापरतानाही भेद करावा. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेले पाणी थेट वाफ्यात द्यावे. साबणाचे पाणी आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून आणि केळी, कर्दळ, अळू यांच्या मुळांतून जाऊ द्यावे. पालेभाज्यांवर ते कधीही शिंपडू नये. पावसाळ्यात चिंता उलटी असते. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तेथे वाफे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करतात. त्यांना गादीवाफे म्हणतात.

मातीची तयारी एप्रिल-मे महिन्यांतच उरकावी. फूटभर खोल खोदून ढेकळे उन्हात तापली की तणांची मुळे व किडींचे कोष बरेचसे मरतात. पहिल्या पावसाआधी चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. 'चांगले कुजलेले' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ताजे शेण टाकले तर त्यातून हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बी बागेत येते, शिवाय कुजताना निर्माण होणारी उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही. खत काळसर, भुसभुशीत आणि दुर्गंधीरहित झाले म्हणजे ते तयार झाले असे समजावे.

काय पेरायचे, हे घरात काय खाल्ले जाते यावरून ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत. सर्व वाफ्यांत एकाच दिवशी मेथी पेरली तर महिन्याभराने घरात मेथीचा ढीग पडतो आणि पुढचे पंधरा दिवस पुन्हा बाजार गाठावा लागतो. त्याऐवजी एक वाफा आज, दुसरा दहा-बारा दिवसांनी, अशी पेरणी करावी. हंगामाचे वेळापत्रकही प्रदेशानुसार बदलते. महाराष्ट्रात पावसाळा साधारणपणे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि दोडका, कारले, भोपळा, चवळी तेव्हा लावतात. नोएडा-दिल्लीकडे पाऊस जूनअखेर पोहोचतो. तेथे कडाक्याच्या थंडीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये वेलभाज्यांची पेरणी होते. गावाकडून आणलेले बी तेथे गावाच्या तिथीने पेरणाऱ्या मराठी कुटुंबाची निराशा ठरलेलीच.

जागा, पाणी, माती यांची तजवीज झाली. उरते बियाणे, आणि येथे एका शेतकरी स्त्रीची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका कळसूबाई शिखराच्या परिसरात आहे. या तालुक्यातील कोंभाळणे या गावी १९६४ साली जन्मलेल्या राहीबाई सोमा पोपेरे महादेव कोळी या आदिवासी समाजातील. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही. अक्षरांची ओळख नसली तरी वालाच्या दोन वाणांतील फरक त्यांना शेंगेच्या रंगावरून आणि दाण्याच्या आकारावरून अचूक कळत होता. बाजारात संकरित बियाणे आले, तसे घरातले जुने वाण मागे पडू लागले. रासायनिक फवारणीची भाजी खाऊन नातू आजारी पडू लागला, तेव्हा आपण गावरान बियाण्यांकडे वळलो, असे राहीबाई सांगतात.

त्यांनी केलेली गोष्ट वरवर अगदी साधी होती. त्यांनी घरोघरच्या म्हाताऱ्या बायकांकडे राहिलेले मूठ-मूठ बी गोळा केले, ते आपल्या परसात लावले, वाढवले, पुन्हा जपून ठेवले आणि मागणाऱ्याला दिले. भात, वाल, नाचणी, पालेभाज्या, वेलभाज्या अशा अनेक वाणांचा संग्रह त्यांच्या घरी झाला. 'बाएफ' या संस्थेने त्यांच्या कामाला साहाय्य केले आणि परिसरातील शेतकऱ्यांनी बियाणे संवर्धनासाठी समिती उभी केली. ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले. २०१८ साली बीबीसीने जगभरातील शंभर प्रेरक स्त्रियांच्या यादीत त्यांचा समावेश केला. २०२० साठी जाहीर झालेला पद्मश्री सन्मान त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते स्वीकारला.

सन्मानांपेक्षा परसबाग करणाऱ्याला त्यांच्या कामातील विचार अधिक उपयोगी आहे. संकरित वाणाचे फळ पहिल्या वर्षी भरघोस येते. परंतु त्याचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणून दर हंगामी दुकानाची पायरी चढावी लागते. गावरान वाणाचे उत्पादन कधी कमी असेल, पण त्याचे बी घरचे राहते. ज्या घरात रोख पैसा मजुरीच्या दिवसांपुरताच असतो, तेथे हा फरक लहान नाही. पेरणीच्या आठवड्यात हाती पैसे नसले तरी मडक्यात बी असते आणि बाग थांबत नाही. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि दुसऱ्या शेतकऱ्याला देण्याचा हक्क २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्यांना दिलेला आहे.

बी राखणे हेही आखणीतच बसवावे लागते. पहिल्या तोड्यापूर्वीच सर्वांत निरोगी झाड निवडून त्याला चिंधी बांधावी, म्हणजे घाईत कोणी त्याची शेंग भाजीसाठी तोडणार नाही. हा मोह आवरणे कठीण असते. सर्वांत चांगले फळ न खाता ठेवायचे असते. शेंग झाडावरच वाळू द्यावी. वाल, चवळी, टोमॅटो यांचे वाण घरी शुद्ध राखणे सोपे असते. दुधी भोपळ्याचे दोन वेगळे वाण मात्र जवळ जवळ लावू नयेत, कारण कीटकांमुळे परागकणांची सरमिसळ होते. बी सावलीत पूर्ण वाळवून, राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून मातीच्या मडक्यात कोरड्या जागी ठेवतात. ज्याला लिहिता येते त्याने मडक्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे.

पेरणीच्या दहा दिवस आधी या बियाण्याची परीक्षा घ्यावी. वालाचे २० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावेत, फडके वाळू देऊ नये. सातव्या-आठव्या दिवशी उघडून मोड आलेले दाणे मोजावेत. सोळा दाण्यांना मोड आले असतील तर शंभरातले ऐंशी बी उगवेल, असे धरून निश्चिंतपणे पेरावे. दहाच उगवले तर बी दाट पेरावे, किंवा शेजारणीकडे मूठभर मागावे. तिचे बी खराब झाले त्या वर्षी आपण दिलेले असेल, तर मागताना संकोच वाटत नाही.

पाठगत प्रश्न

१. वेलींचा मांडव बागेच्या उत्तरेच्या कडेला का घालावा?
२. सहा वाफ्यांना (प्रत्येकी ३ चौरस मीटर) उन्हाळ्यात रोज किती लिटर पाणी लागेल?
३. 'पाय पडले की माती दबते व मुळांची वाढ खुंटते.' या वाक्यातील क्रियापदे ओळखा.
४. राहीबाई पोपेरे गावरान बियाण्यांकडे का वळल्या? तीन-चार वाक्यांत लिहा.

उपक्रम

आपल्या घरातील किंवा शेजारातील वयस्कर स्त्रीला तिच्या लहानपणी परसात कोणत्या भाज्या होत्या, ते विचारा. त्यांपैकी आता न दिसणाऱ्या भाज्यांची नावे तिने उच्चारली तशीच वहीत लिहा.