आयव्ही लावा, पण पाऊस ओसरल्यावर

आंबा, फणस किंवा सिल्व्हर ओकच्या दाट सावलीत लॉन कधीच धड येत नाही. गवत विरळ होते, माती उघडी पडते आणि वळवाच्या पहिल्या सरीतच वाहून जाते. अशा जागी जमीन झाकायला आयव्ही फार चांगली. पण बाकीच्या रोपांबरोबर तीही जून-जुलैत लावली जाते आणि मुळे कुजून मरते. ही मूळची युरोपातली वेल आहे. तिला गारवा मानवतो, मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. थंडीचे महिने मिळाले की मुळे नीट धरतात आणि पुढचा उन्हाळा निभतो.

महाबळेश्वर-पाचगणीला ती सहज येते, पुणे-नाशिककडे सावली असेल तर चांगली वाढते. विदर्भ-मराठवाड्यात उघड्या जागी तिच्यावर पैसे घालवू नयेत. मे महिन्याचे ऊन पाने करपवते.

रोपे विकत घेण्यापेक्षा ऑगस्टअखेरीस फाटे लावावेत. जमिनीवर पसरलेला फाटा उलटा करून पाहा. पेरांजवळ आखूड, तपकिरी मुळांचे केसाळ पुंजके दिसतील. असा फाटा 10 ते 15 सेंमी कापून, खालची पाने काढून, निदान एक पेर वाळूमिश्रित मातीत दाबावे. कुंडीला निचरा हवा आणि वर छप्पर. साधारण महिनाभरात मुळे फुटतात.

जमीन वीतभर खणून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे, मात्र झाडाची जाड मुळे तोडू नयेत. भारी काळ्या जमिनीत वाळू-मुरूम घालून वाफा थोडा उंच करावा. दोन रोपांत 30 ते 45 सेंमी अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी खुरपणीत हयगय करू नये. वेल दाटली की तण आपोआप दबते. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे आणि तेही सकाळी. रात्रभर ओली राहिलेली पाने ठिपक्यांना बळी पडतात. फेब्रुवारीपासून पानांची खालची बाजू तपासत राहावे. कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पाण्याचा जोरदार फवारा मारावा, तेवढ्याने भागले नाही तर 5 टक्के निंबोळी अर्क.

एका बाबतीत मी आग्रही आहे: आयव्ही झाडावर चढू देऊ नका. जमिनीवर ती पसरत राहते, पण उंच जाऊन प्रकाश मिळाला की तिचे रूप पालटते. पानांचे कोने जातात, फुले-फळे धरतात आणि पक्षी बी लांबवर नेतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात तिने जंगले इतकी व्यापली की 2010 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या डोंगराळ भागात, रानाला लागून बाग असेल तर लावूच नये, असे माझे मत आहे. इतरत्र खोडाभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी आणि वर्षातून दोनदा कडेने छाटणी करावी.

छाटताना हातमोजे घालावेत, चिकाने काहींच्या हाताला खाज येऊन फोड उठतात. पाने आणि फळे विषारी आहेत. छाटलेले फाटे शेळ्या-गुरांपुढे टाकू नयेत. ओल्या जमिनीवर तसेच पडले तर तेही पुन्हा मुळे धरतात, म्हणून कडक उन्हात पूर्ण वाळवूनच खताच्या खड्ड्यात घालावेत.