सिग्नलमागचा अभियंता : शिक्षण कुठलं आणि मान्यता कोणाची?

गळीत हंगामात मुदाळ तिट्ट्यावर तासभर थांबून रस्ता बघा. बिद्रीच्या कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, कोल्हापूर-गारगोटी एसटी, राधानगरी आणि निपाणीकडून येणारे ट्रक, आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. अशा ठिकाणी सिग्नल लागतो का, आणि लागलाच तर कोणत्या बाजूला किती सेकंद हिरवा दिवा द्यायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे वाहतूक अभियंता. आपल्या भागातल्या मुलांना हा व्यवसाय फारसा माहीत नाही. ज्यांच्या कानावर येतो, त्यांच्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात : ह्याचा कोर्स कुठं असतो, सरकारी सर्टिफिकेट मिळतं का, आणि नोकरी लागंल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ‘सिग्नल अभियंता’ नावाची वेगळी पदवी आपल्याकडे प्रचलित नाही. या कामात शिरायच्या वाटा दोन, सिव्हिल आणि इलेक्ट्रॉनिक्स-इलेक्ट्रिकल. चौकाचा आराखडा, वाहनगणना आणि सेकंदांचं गणित ही सिव्हिलची बाजू. खांबाजवळच्या पेटीतला कंट्रोलर, वाहन ओळखणारे कॅमेरे आणि नियंत्रण कक्षाशी जोडणी ही दुसरी. रेल्वेचा सिग्नल विभाग मात्र पूर्णपणे निराळा आहे. तिथे आधी रेल्वेत भरती होते, मग सिकंदराबादच्या ‘इरिसेट’ संस्थेत प्रशिक्षण मिळतं. या दोन क्षेत्रांची गल्लत करून फॉर्म भरू नका.

मुलाला किंवा मुलीला हे काम आवडेल का, हे आधी तपासता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. जवळच्या चौकातली वाहनं मोजायची आणि तिथे सिग्नल लागतो का, ते ताडून बघायचं. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:93 ही 1985 सालची सिग्नलविषयक मार्गदर्शिका आहे. दोन्ही रस्ते प्रत्येक दिशेला एकेका लेनचे असतील, तर मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंची मिळून ताशी 650 आणि आडव्या रस्त्यावरून ताशी 200 वाहनं, तीही दिवसातले आठ तास सरासरीने, असा एक निकष तिच्यात आहे. चौकात रोज भांडणं होतात किंवा कुणी निवेदन दिलं म्हणून खांब उभा करायचा नसतो. तो तसा केला की लोक मोकळ्या रस्त्यावर लाल दिव्यासमोर उभे राहतात आणि हळूहळू सिग्नल मोडायला शिकतात.

मोजणी मात्र आपल्या रस्त्याची हवी. ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेसाठी असलेल्या आयआरसी:64 मध्ये मोटारीला 1 धरलं, तर ट्रॅक्टर-ट्रॉलीला 4.5 आणि मोठ्या बैलगाडीला 8 हा भार दिला आहे. म्हणजे उसाची एक बैलगाडी रस्त्याच्या हिशेबात आठ मोटारींइतकी. हंगामात बिद्री परिसरात वाढलेल्या मुलाला हे पटवून द्यावं लागत नाही, आणि या विषयात ती त्याची जमेची बाजू आहे.

पुढचं गणित वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाचं, 1958 सालचं. सिग्नलच्या एका फेरीत वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करायची, त्यात 5 मिळवायचे, आणि चौकावरचा वाहतुकीचा भार (म्हणजे क्षमतेच्या तुलनेत येणारी वाहतूक) 1 मधून वजा करून येणाऱ्या संख्येने भागायचं. 10 सेकंद वाया जात असतील आणि भार 0.6 असेल, तर फेरी 50 सेकंदांची येते. भार 0.8 झाला की तीच फेरी 100 सेकंदांची होते. दहावीच्या मुलाला सुटेल असं हे गणित आहे. ते सोडवून ज्याला कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरला सिग्नलच्या फेरीला घड्याळ लावावंसं वाटेल, त्याने या वाटेचा जरूर विचार करावा.

आता शिक्षण. दहावीनंतर तीन वर्षांची सिव्हिल पदविका हा आपल्यासाठी सगळ्यांत परवडणारा मार्ग आहे. गारगोटीला मौनी विद्यापीठाची इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल अँड रूरल इंजिनिअरिंग आहे, कोल्हापूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावी केली तर एमएचटी-सीईटी. पण वाहतूक अभियांत्रिकी खऱ्या अर्थाने शिकायला मिळते ती एम.टेक.ला. आयआयटी मुंबई, नागपूरचं व्हीएनआयटी, सुरतचं एसव्हीएनआयटी इथे हा विषय आहे. तिथे जायचं तर ‘गेट’ परीक्षा द्यावी लागते, आणि गेटवर प्रवेश मिळालेल्यांना महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या शिक्षणाचा खर्च कसा झेपेल या काळजीने आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं पदवीवरच थांबतात.

मान्यतेच्या बाबतीत सगळ्यांत जास्त फसगत होते. महाविद्यालयाच्या जाहिरातीत ‘नॅक’ची श्रेणी मोठ्या अक्षरांत असते. ती संपूर्ण संस्थेला मिळालेली असते. अभियांत्रिकीसाठी बघायची ती एनबीएची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता. ती शाखेला मिळते, ठरावीक मुदतीची असते आणि संपतेसुद्धा. एकाच महाविद्यालयात कॉम्प्युटर शाखेला ती असेल आणि सिव्हिलला नसेल. भारत 2014 साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यामुळे एनबीएच्या टियर-1 गटातल्या पदवीला सदस्य देशांत समकक्ष धरलं जातं. टियर-2 ला हा लाभ नाही. मुलगा परदेशी जाईल असं मनात असेल, तर हा फरक प्रवेशाआधीच विचारा.

पदवीनंतर सिग्नलच्या वेळा ठरवण्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. गंमत अशी की त्याच खांबाला वीजजोडणी करणाऱ्या वायरमनला मात्र परवाना लागतो, ठेकेदारालाही लागतो. माणसं रोज ज्याच्या भरवशावर रस्ता ओलांडतात त्या आराखड्याला परवान्याची अट नसावी, हे मला चुकीचं वाटतं. अमेरिकेत ‘पीटीओई’ हे वाहतूक अभियंत्यांचं प्रमाणपत्र आहे, आणि सिग्नल तंत्रज्ञांना तिथली 1896 पासूनची ‘इम्सा’ ही संघटना पायरीपायरीने प्रमाणित करते. ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ हायवे इंजिनिअर्स सिग्नल नियंत्रणाचं व्यावसायिक प्रमाणपत्र देते. आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे रस्ता सुरक्षा लेखापरीक्षकाचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेसारख्या संस्था ते देतात. अनुभवी अभियंत्याला त्याचा उपयोग होतो. नुकत्याच पदवीधर झालेल्याने त्यावर पैसे घालू नयेत.

नोकरीचं स्पष्ट सांगायला हवं. कित्येक महापालिकांत सिग्नलची देखभाल विद्युत विभागाकडे आणि वापर वाहतूक पोलिसांकडे असतो, स्वतंत्र वाहतूक अभियंत्याची जागा क्वचित. म्हणून सरकारी नोकरी हवी असेल तर सार्वजनिक बांधकाम किंवा महापालिकेच्या कनिष्ठ अभियंता परीक्षेचीच तयारी करावी. वाहतूक हा विषय खासगी सल्लागार कंपन्या, महामार्ग प्रकल्प आणि मोठ्या शहरांतल्या संगणकीय सिग्नल यंत्रणा यांच्याकडे जास्त चालतो. म्हणजे पहिली काही वर्षं पुणे-मुंबईत काढायची तयारी हवी. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिशियन झालेल्यांनाही या यंत्रणांच्या देखभालीत काम आहे. त्यांनी वायरमन परवाना लवकर काढून ठेवावा.

पालकहो, पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याआधी एनबीएच्या संकेतस्थळावर त्या महाविद्यालयाची सिव्हिल शाखा शोधा. मान्यतेची मुदत कोणत्या वर्षापर्यंत आहे ते लिहून घ्या, आणि मगच फीची चौकशी करा.